पर्यायांची निवड आणि निकषांचा भार : नागपूर–कामठी दळणवळणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सार्वजनिक प्रकल्प उभारताना शासनासमोर सहसा एकच मार्ग नसतो. तीच गरज भागविणारे दोन, तीन किंवा अधिक पर्याय असतात आणि त्यांतून एकाची निवड करावी लागते. पूर्वी ही निवड अनुभवी अभियंत्याच्या मतावर किंवा राज्यकर्त्याच्या आज्ञेवर अवलंबून असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे स्वरूप पालटले. प्रकल्प प्रत्यक्ष उभा राहण्यापूर्वी तो आधी गणिती प्रतिमानात उभा करावयाचा, वीस-तीस वर्षांनंतर तो कसा चालेल याचे संगणकीय चित्र तयार करावयाचे, आणि खर्च, प्रवासीसंख्या, वेळेची बचत, विस्थापन, प्रदूषण अशा अनेक निकषांवर पर्यायांची तुलना करावयाची, ही पद्धती रूढ झाली. भारतात मेट्रो रेल्वेच्या संदर्भात २०१७ च्या धोरणाने तिला बंधनकारक रूप दिले.

नागपूर जिल्ह्यातील कामठी हे शहर या विषयाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. नागपूरच्या ईशान्येस सुमारे सोळा किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या या शहराने गेल्या दोन शतकांत दळणवळणाचे अनेक मोठे निर्णय अनुभवले. १८२१ मधील लष्करी छावणी, एकोणिसाव्या शतकातील लोहमार्ग आणि एकविसाव्या शतकातील मेट्रो हे त्यांतील ठळक टप्पे होत. या निर्णयांत कोणते पर्याय विचारात घेतले गेले, ते कोणत्या मापाने मोजले गेले आणि जे मोजले गेले नाही त्याचे काय झाले, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

छावणीचे शहर

नागपूरच्या भोसल्यांची सत्ता १८१७-१८ च्या संघर्षानंतर इंग्रजांच्या वर्चस्वाखाली आली. त्यानंतर १८२१ मध्ये राजधानीपासून फार दूर नाही आणि फार जवळही नाही अशा कन्हानकाठच्या जागी इंग्रजांनी लष्करी छावणी वसविली. नदीचे पाणी, मोकळे मैदान आणि नागपूर शहरावर लक्ष ठेवता येईल इतके अंतर, या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र मिळत होत्या. निर्णय लष्करी होता आणि निकषही लष्करीच होते.

तथापि छावणीभोवती बाजारपेठ उभी राहिली. सैन्याला लागणारे धान्य, कापड, जनावरे आणि कर्ज पुरविणारे व्यापारी तेथे आले. विणकर आले, कारागीर आले. पुढे विडी उद्योगानेही मूळ धरले. सातपुड्यापलीकडून बैलांच्या तांड्यांनी येणारा माल कामठीत उतरू लागला. अल्पावधीतच छावणीला लागून असलेले हे गाव मध्य प्रांतातील एक महत्त्वाचे व्यापारी केंद्र बनले. छावणीची जागा ठरविताना ही गोष्ट कोणी हिशेबात धरली नव्हती. प्रकल्पाचा सर्वांत मोठा परिणाम पुष्कळदा त्याच्या मूळ उद्दिष्टांच्या यादीबाहेरचा असतो. त्याचे हे कामठीतील पहिले उदाहरण होय.

एकाच निकषावरील निवड : मीटर गेजचा धडा

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. हा मार्ग ५ फूट ६ इंच रुंदीचा, म्हणजे ब्रॉड गेज होता. नागपूरच्या पूर्वेस छत्तीसगडचा धान्यसमृद्ध प्रदेश होता. तेथील धान्य मुंबईच्या बाजारात आणावयाचे तर लोहमार्ग पूर्वेकडे वाढविणे क्रमप्राप्त होते. प्रश्न रुंदीचा होता.

लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत, १८७० मध्ये, भारत सरकारने सरकारी खर्चाने बांधावयाच्या मार्गांसाठी मीटर गेजचा स्वीकार केला. कमी रुंदीच्या मार्गास भराव कमी, पूल हलके आणि डबे-इंजिने स्वस्त, असा त्यामागील हिशेब होता. सरकारी तिजोरीवरील ताण पाहता तो अगदीच निराधार नव्हता. नागपूरहून कामठीमार्गे राजनांदगावकडे जाणारा नागपूर–छत्तीसगड लोहमार्ग याच धोरणानुसार मीटर गेजवर बांधण्यात आला आणि १८८० च्या दशकाच्या आरंभी वाहतुकीस खुला झाला.

या निवडीत प्रारंभिक भांडवली खर्च हा निकष सर्वोपरी ठरला. छत्तीसगडचा माल नागपुरात एका रुंदीच्या डब्यांतून उतरवून दुसऱ्या रुंदीच्या डब्यांत भरावा लागे. त्यासाठीची मजुरी, होणारी नासधूस, लागणारा वेळ आणि गोदामांतील खोळंबा यांचा भार मात्र रोजच्या व्यवहारावर पडत राहिला. बांधकामाच्या अंदाजपत्रकात हा भार कोठेच दिसत नव्हता, कारण तो एकदाच करावयाचा खर्च नव्हता; तो दर गाडीमागे, दर पोत्यामागे होणारा खर्च होता. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने हा मार्ग ताब्यात घेऊन त्याचे ब्रॉड गेजमध्ये रूपांतर केले आणि तो पूर्वेकडे वाढविला. १८९१ मध्ये आसनसोलपर्यंतची जोडणी पूर्ण झाली. स्वस्त म्हणून स्वीकारलेला पर्याय एका दशकाच्या आसपासच नव्याने बांधावा लागला.

या घटनेचा कामठीवरील परिणाम अधिक खोल होता. बैलांच्या तांड्यांच्या युगात कामठी हे माल उतरविण्याचे ठिकाण होते. लोहमार्गाच्या युगात ते वाटेवरील एक स्थानक झाले. व्यापार नागपूर आणि इतर स्थानकांकडे वळला. १८८१ च्या जनगणनेत सुमारे ५१ हजार असलेली कामठीची लोकसंख्या १९०१ मध्ये ३८,८८८ वर आली. या घसरणीत छावणीच्या घटत्या महत्त्वाचा आणि त्या काळातील दुष्काळ-रोगराईचाही वाटा संभवतो. परंतु समकालीन नोंदींनी व्यापाराच्या स्थलांतराचे कारण लोहमार्ग हेच दिले आहे. लोहमार्गाच्या दृष्टीने निर्णय यशस्वी होता. मालाचे टन वाढले, उत्पन्न वाढले. एका जुन्या बाजारपेठेचा ऱ्हास मात्र कोणत्याही निकषात बसत नव्हता.

अनेक निकषांची पद्धती कशी घडली

केवळ खर्च किंवा केवळ उत्पन्न पाहून केलेली निवड अपुरी ठरते, ही जाणीव युरोपात बरीच जुनी आहे. फ्रेंच अभियंता ज्यूल द्यूपुई यांनी १८४४ मध्येच असे दाखविले की, पुलाची उपयुक्तता त्यावरील पथकराच्या उत्पन्नाइतकीच नसते. ज्यांना पुलाचा लाभ होतो त्यांना तो दिलेल्या करापेक्षा अधिक मोलाचा असू शकतो. अमेरिकेत १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने लाभ खर्चाहून अधिक असावेत, मग ते कोणाच्याही पदरी पडोत, हे तत्त्व प्रकल्पांस लागू केले.

वाहतुकीच्या क्षेत्रात खरे परिवर्तन १९५० च्या दशकात डेट्रॉइट व शिकागो येथील अभ्यासांनी घडविले. त्यांतून चार पायऱ्यांचे प्रतिमान आकारास आले. पहिल्या पायरीवर शहराच्या प्रत्येक विभागातून किती फेऱ्या निर्माण होतील हे ठरविले जाते. त्या फेऱ्या कोठे जातील हे दुसऱ्या पायरीवर, त्या कोणत्या वाहनाने होतील हे तिसऱ्या पायरीवर आणि त्या कोणत्या रस्त्याने किंवा मार्गाने जातील हे चौथ्या पायरीवर निश्चित होते. या प्रतिमानात नवा पूल किंवा नवी रेल्वे घालून पाहता येते, काढून पाहता येते आणि दोन्ही स्थितींची तुलना करता येते. मुंबईसाठी १९६२ च्या सुमारास विल्बर स्मिथ यांच्या संस्थेने केलेला वाहतूक अभ्यास हे या परंपरेचे महाराष्ट्रातील आरंभीचे रूप होय.

लंडनमधील व्हिक्टोरिया भुयारी मार्गाच्या अभ्यासाने या पद्धतीचे बळ दाखविले. फॉस्टर आणि बीस्ली यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनानुसार हा मार्ग तिकिटांच्या उत्पन्नावर तोट्यात गेला असता. परंतु प्रवाशांचा वाचणारा वेळ आणि रस्त्यांवरील कमी होणारी गर्दी जमेस धरता तो समाजाच्या फायद्याचा ठरत होता. वित्तीय परतावा आणि आर्थिक परतावा यांतील भेद त्यामुळे स्पष्ट झाला. पहिल्यात केवळ प्रकल्प चालविणाऱ्या संस्थेची जमा-खर्चाची वही असते, दुसऱ्यात समाजाची.

या पद्धतीच्या मर्यादाही लंडनमध्येच उघड झाल्या. लंडनच्या तिसऱ्या विमानतळासाठी १९६८ मध्ये नेमलेल्या रॉस्किल आयोगाने चार जागांचा अत्यंत तपशीलवार लाभ-व्यय हिशेब मांडला आणि १९७१ मध्ये कब्लिंग्टन या जागेची शिफारस केली. आयोगाचे एक सदस्य, नगररचनाकार कॉलिन ब्युकॅनन, यांनी त्यास विरोधी मत नोंदविले. रम्य ग्रामीण परिसराची हानी प्रवाशांच्या मिनिटांशी एकाच तराजूत तोलता येत नाही, असा त्यांच्या विरोधाचा आशय होता. शासनाने आयोगाची शिफारस नाकारून किनाऱ्यावरील फाउलनेसची जागा निवडली आणि १९७४ मध्ये तीही सोडून दिली.

याच सुमारास सर्व परिणाम पैशांत रूपांतरित न करता, ते निरनिराळ्या निकषांवर वेगळे ठेवून तुलना करण्याच्या पद्धती पुढे आल्या. नेथॅनिएल लिचफिल्ड यांचा नियोजन ताळेबंद, मॉरिस हिल यांचे उद्दिष्टपूर्ती कोष्टक, फ्रान्समध्ये बर्नार रॉय यांनी १९६८ मध्ये मांडलेली पद्धत आणि १९७० च्या दशकात थॉमस साटी यांनी विकसित केलेली श्रेणीबद्ध विश्लेषणाची पद्धत ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत.

नागपूर मेट्रो आणि कामठीच्या सीमेवर थांबलेला मार्ग

नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल नागपूर सुधार प्रन्यासाच्या पुढाकाराने दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनने तयार केला. ऑगस्ट २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यास मंजुरी दिली. सुमारे ३८ किलोमीटर लांबीचे दोन मार्ग आणि ८,६८० कोटी रुपये खर्च असे त्याचे स्वरूप होते. उत्तर-दक्षिण मार्ग मिहानपासून कामठी रस्त्यावरील ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, तर पूर्व-पश्चिम मार्ग प्रजापतीनगरपासून लोकमान्यनगरपर्यंत होता. मार्च २०१९ मध्ये खापरी–सीताबर्डी हा भाग प्रवाशांस खुला झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये ऑटोमोटिव्ह चौक व प्रजापतीनगरपर्यंतचे उर्वरित भाग सुरू झाले.

अशा रीतीने पहिल्या टप्प्यातील उत्तरेकडील मार्ग कामठी रस्त्यावर आला. पण कामठीत पोहोचला नाही. मार्ग कोठे संपावा हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु प्रतिमानाची चौकट जेथे संपते तेथून पुढच्या फेऱ्या त्यात बाहेरून येणाऱ्या वाहतुकीच्या रूपाने एकत्रित दिसतात. चौकटीच्या आत असलेल्या वस्तीचे घरोघर सर्वेक्षण होते, तिच्या फेऱ्यांचा उगम आणि शेवट नोंदला जातो. चौकटीच्या काठावरील गाव मात्र एका बाणाच्या रूपाने उरते. पर्यायांची खरी पहिली निवड ही अशी नकाशाच्या कडेवर होते.

दुसरा टप्पा : यादीतील बदल

दुसऱ्या टप्प्याने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. २०१९ च्या आरंभी राज्य मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या प्रस्तावात पाच विस्तारमार्ग होते : मिहान ते बुटीबोरी औद्योगिक परिसर, ऑटोमोटिव्ह चौक ते कन्हान नदी, लोकमान्यनगर ते हिंगणा, प्रजापतीनगर ते ट्रान्सपोर्टनगर आणि वासुदेवनगर ते दत्तवाडी. एकूण लांबी सुमारे ४८.३ किलोमीटर, स्थानके ३५ आणि खर्च ११,२३९ कोटी रुपये होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या रूपात लांबी ४३.८ किलोमीटर, स्थानके ३२ आणि खर्च ६,७०८ कोटी रुपये झाला. दत्तवाडीकडे जाणारा सुमारे साडेचार किलोमीटरचा, तीन स्थानकांचा मार्ग या यादीत राहिला नाही.

या आकड्यांची तुलना उद्बोधक आहे. लांबी सुमारे ९ टक्क्यांनी घटली. खर्च मात्र सुमारे ४० टक्क्यांनी घटला. एवढी घट एका लहान मार्गाच्या गळण्याने होऊ शकत नाही. खर्च हा निकष वाटतो तितका स्थिर नसतो. कोणत्या सोयी धरल्या, कोणते कर धरले, कोणत्या वर्षाच्या किमती धरल्या, यांवर तो अवलंबून असतो. दोन पर्यायांची तुलना करताना त्यांचे खर्च एकाच पायावर मोजलेले असणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

कामठीचा विस्तारमार्ग दोन्ही याद्यांत कायम राहिला. सुमारे १३ किलोमीटरच्या या मार्गावर बारा स्थानके आहेत, म्हणजे सरासरी एका किलोमीटरला थोडे अधिक अंतर. त्यांपैकी छावणी, कामठी पोलीस ठाणे, कामठी नगर परिषद आणि ड्रॅगन पॅलेस ही स्थानके प्रत्यक्ष शहराच्या वस्तीशी निगडित आहेत. लोहमार्गाने शहराला एक स्थानक दिले होते. मेट्रोच्या आराखड्याने शहराच्या आत अनेक दारे उघडली. पायी चालत स्थानक गाठता येणे हा निकष लावला तर हा मार्ग जुन्या लोहमार्गाहून निश्चितच सरस ठरतो.

इतर पर्याय आणि भाराचा प्रश्न

याच काळात कामठीच्या प्रवाशांसाठी दुसराही पर्याय चर्चेत होता. २०१८ मध्ये भारतीय रेल्वे, महाराष्ट्र शासन आणि महामेट्रो यांच्यात नागपूरपासून वर्धा, नरखेड, रामटेक व भंडारा रोडपर्यंत विद्यमान ब्रॉड गेज लोहमार्गावरच मेट्रो पद्धतीच्या गाड्या चालविण्यासंबंधी सामंजस्य करार झाला. यांतील रामटेक व भंडारा रोड या दोन्ही दिशांच्या गाड्या कामठीवरूनच जाणार होत्या. नवे खांब नाहीत, नवी जमीन जवळजवळ नाही, हा या पर्यायाचा मोठा गुण. मुंबई–हावडा या गजबजलेल्या मार्गावर मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांमधून जागा मिळविणे, ही त्याची मोठी अडचण. तिसरा पर्याय रस्त्यावर स्वतंत्र मार्गिका देऊन बससेवा वाढविण्याचा असतो. तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवचीक. परंतु कामठी रस्त्यासारख्या महामार्गावर मार्गिका राखून ठेवणे सोपे नाही.

अशा तीन पर्यायांची तुलना कशी होते हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. त्यातील गुण कोणत्याही अहवालातील नसून केवळ रीत स्पष्ट करण्यासाठी योजिले आहेत. समजा, चार निकष आहेत : खर्च, प्रवासीक्षमता, प्रवासवेळ आणि विस्थापन. प्रत्येकात दहापैकी गुण द्यावयाचे असून खर्च व विस्थापन जितके कमी तितके गुण अधिक आहेत. उन्नत मेट्रोस अनुक्रमे ३, ९, ८ आणि ६ गुण मिळाले. विद्यमान लोहमार्गावरील गाडीस ७, ६, ६ आणि ८. बसमार्गिकेस ९, ४, ४ आणि ५. यांपैकी कोणताही पर्याय दुसऱ्यावर सर्व निकषांत मात करीत नाही. म्हणजेच केवळ गुण पाहून निवड होऊ शकत नाही. निकषांना भार द्यावा लागतो.

चारही निकषांना समान भार दिल्यास मेट्रोची सरासरी ६.५, लोहमार्गाची ६.७५ आणि बसची ५.५ येते; लोहमार्ग पहिला ठरतो. प्रवासीक्षमता आणि प्रवासवेळ यांना प्रत्येकी ३५ टक्के, तर उरलेल्या दोहोंना प्रत्येकी १५ टक्के भार दिल्यास मेट्रो ७.३, लोहमार्ग ६.४५ आणि बस ४.९ असा क्रम लागतो. मेट्रो पहिली येते. खर्चाला ५५ टक्के आणि उरलेल्या तिन्ही निकषांना प्रत्येकी १५ टक्के भार दिल्यास मेट्रो ५.१, लोहमार्ग ६.८५ आणि बस ६.९ असा निकाल लागतो. बस पहिली येते. गुण तेच, प्रतिमान तेच. तरीही तीन वेगळ्या भारांनी तीन वेगळे विजेते ठरतात. भार ठरविणे हे गणिताचे काम नव्हे. ते समाजाने कशाला किती महत्त्व द्यावे याविषयीचे मत आहे आणि म्हणून ते उघडपणे मांडले जाणे अगत्याचे आहे.

२०१७ च्या धोरणाने काय साधले

केंद्र शासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये मंजूर केलेल्या मेट्रो रेल्वे धोरणाने या क्षेत्रात महत्त्वाचे पाऊल उचलले. केंद्राचे साहाय्य हवे असल्यास शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा असणे, बस, ट्राम, हलकी रेल्वे अशा इतर साधनांशी तुलना करणारे पर्याय विश्लेषण करणे आणि प्रस्तावाचे त्रयस्थ संस्थेकडून मूल्यमापन होणे अपेक्षित ठरले. पूर्वी ८ टक्के वित्तीय परताव्याची कसोटी होती; तिच्या जागी १४ टक्के आर्थिक परताव्याची कसोटी आली. तिकिटांच्या उत्पन्नाऐवजी समाजाचा लाभ केंद्रस्थानी आणणारा हा बदल स्वागतार्ह होता.

तथापि आर्थिक परताव्याचा मोठा भाग प्रवाशांच्या वाचलेल्या वेळेतून येतो आणि त्या वेळेचे मोल सामान्यतः उत्पन्नाशी जोडले जाते. जेथे उत्पन्न कमी तेथे तासाचे मोल कमी. कामठीसारख्या शहरात या गोष्टीस विशेष अर्थ आहे. घरी बसून विड्या वळणाऱ्या आणि त्या कारखानदाराकडे पोहोचवणाऱ्या स्त्रीची फेरी छोटी, पायी आणि दुपारची असते. ती सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासात येत नाही. आल्यास तिच्या तासाला कमी किंमत लागते. कार्यालयात जाणाऱ्या माणसाची वाचलेली दहा मिनिटे हिशेबात जितकी ठळक उमटतात तितकी तिची उमटत नाहीत.

सरासरीच्या निकषाची दुसरी मर्यादा उत्सवांच्या दिवशी दिसते. कामठीतील ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास लक्षणीय संख्येने अनुयायी येतात. नेहमीच्या कामाच्या दिवसावर आधारलेल्या प्रतिमानात ही गर्दी जवळजवळ अदृश्य असते. परंतु स्थानकाची रुंदी, जिने आणि बाहेर पडण्याचे मार्ग याच दिवशी कसोटीस लागतात.

यादीबाहेरचा पर्याय

पर्यायांची तुलना म्हणजे केवळ दिलेल्या यादीतून एक उचलणे नव्हे, हे कामठी रस्त्यावरच दिसून आले. एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक या सुमारे ५.६७ किलोमीटरच्या पट्ट्यात महामार्गाचा उड्डाणपूल आणि मेट्रो ही दोन कामे स्वतंत्रपणे करावयाची झाली असती तर एकाच रस्त्यावर खांबांच्या दोन रांगा आणि अधिक जमीन लागली असती. त्याऐवजी एकाच खांबावर खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी दुमजली रचना करण्यात आली. गड्डीगोदाम येथे जमिनीवरील रस्ता, त्यावर लोहमार्ग, त्यावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो असे चार स्तर एकत्र आले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला. दोन खात्यांच्या दोन स्वतंत्र याद्या एकत्र पाहिल्याने येथे तिसरा, अधिक काटकसरीचा पर्याय निर्माण झाला. चांगल्या विश्लेषणाचे मोल योग्य पर्याय निवडण्यात जितके, तितकेच नवा पर्याय सुचविण्यात असते.

समारोप

कामठीच्या दोन शतकांच्या अनुभवातून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, एकाच निकषावर केलेली निवड अल्पजीवी ठरण्याचा धोका मोठा असतो. मीटर गेजचा मार्ग हे त्याचे ठळक उदाहरण होय. दुसरा असा की, अनेक निकषांची आधुनिक पद्धती हा धोका कमी करते, परंतु निकषांचे भार आणि अभ्यासाची सीमा ठरविणाऱ्यांचे मत तिच्यात आकड्यांच्या आड उभे असते. म्हणून प्रकल्प अहवालात अंतिम गुणांबरोबरच भार बदलल्यास क्रम कसा बदलतो हेही लोकांसमोर ठेवणे आवश्यक आहे. तिसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. जो प्रदेश प्रकल्पाच्या मार्गावर आहे त्याला लाभ होतोच असे नाही. लोहमार्ग कामठीतून गेला आणि तिचा व्यापार सोबत घेऊन गेला. मेट्रो कामठीत आल्यावर नागपूरचे ग्राहक कामठीच्या बाजारात येतील, की कामठीचे ग्राहक सीताबर्डीला जातील, हा प्रश्न प्रवासीसंख्येच्या निकषात विचारला जात नाही. कारण दोन्ही फेऱ्या त्यात सारख्याच मोजल्या जातात.

१८८१ ते १९०१ या काळात घटलेल्या बारा हजार लोकांची नोंद जनगणनेत झाली. लोहमार्गाच्या हिशेबात झाली नाही. पुढील प्रकल्पाची तुलना करताना स्थानिक बाजारपेठ, स्थानिक रोजगार आणि पायी चालणारा माणूस यांना निकषांच्या यादीत आरंभीच स्थान मिळाले, तरच कामठीच्या इतिहासातील हा धडा वाया गेला नाही असे म्हणता येईल.